पन्हा मोठा म्हणून पोत दाट होत नाही
रुंद पडदा म्हणजेच एचडी टीव्ही का?

"पडदा रुंद आहे, म्हणजे एचडी आहे," असे टीव्हीच्या दुकानात सर्रास ऐकायला मिळते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हा हिशेब पटणार नाही. पन्हा छत्तीसचा असो की अठ्ठावनचा, कापडाचा दाटपणा ठरतो तो एका इंचात किती धागे बसले यावर. पन्हा वेगळा, रीड-पिक वेगळे. टीव्हीच्या चित्राचेही तसेच आहे.

जुन्या टीव्हीचे ४:३ हे माप मूकपटाच्या फिल्मवरून आले. पुढे टीव्हीने प्रेक्षक पळवले, तेव्हा १९५३ साली सिनेमास्कोप आणून सिनेमावाल्यांनी आपला पडदा रुंद केला. जपानच्या एनएचके या संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर बारीक रेषांच्या टीव्हीवर संशोधन सुरू केले. जवळ बसून पाहताना नजर भरावी म्हणून त्यांनी पडदाही रुंद घेतला, आधी ५:३ चा. अखेर जगाने १६:९ हे माप स्वीकारले. जुना टीव्ही आणि रुंद सिनेमा या दोन्हींच्या मधले, दोघांनाही सांभाळणारे हे माप.

म्हणजे रुंदी ही एचडीची गरज आहे काय? तंत्राच्या दृष्टीने नाही. युरोपात १९९० च्या दशकात पालप्लस आले. त्याचे चित्र रुंद होते, पण एचडी नव्हते. उलट १६००×१२०० ठिपक्यांचा संगणकाचा पडदा ४:३ चा असूनही रेषांच्या बाबतीत १०८० च्या पुढे होता. मात्र नियमाच्या दृष्टीने उत्तर 'होय' असे आहे. अमेरिकेच्या १९९५ च्या एटीएससी मानकात ७२० आणि १०८० रेषांचे चित्र फक्त १६:९ मध्येच आहे. ४८० रेषांना दोन्ही मापे चालतात. आपल्याकडे दूरदर्शनने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा एचडीत दाखवल्या, त्याही याच मापात.

आता व्यवहाराचे. टीव्हीचा इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. जुना ३२ इंची पडदा २५.६ बाय १९.२ इंच भरे. रुंद ३२ इंची भरतो सुमारे २७.९ बाय १५.७. म्हणजे इंच तेवढेच, पण क्षेत्रफळ सुमारे अकरा टक्के कमी. गिऱ्हाइकाने हे ध्यानात ठेवावे.

लग्नाचे शूटिंग करणाऱ्या आणि जुन्या कॅसेटी उतरवून देणाऱ्या आपल्या बंधूंनी तर जास्तच जपावे. १९९२ च्या निकाहाची कॅसेट ४:३ ची आहे. पडदा भरावा म्हणून ती ताणली, तर प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. वरखाली कापली, तर चौथा हिस्सा चित्र जाते. कुणाची टोपी जाते, कुणाचे कपाळ. दोन्ही उपायांनी कॅसेट एचडी होत नाही. ज्या घरात मरहूम वडिलांची चालतीबोलती आठवण तेवढीच उरली आहे, तिथे ही काटछाट फार महाग पडते. गिऱ्हाइकाने "पडदा भरून द्या" म्हटले तरी आधी त्याला समजावून सांगा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवा, चित्र जसे आहे तसे द्या.

थोडक्यात, आजचा एचडी टीव्ही रुंदच असतो, पण रुंद ते सारे एचडी नव्हे. पन्हा पाहून गाठ कुणी घेत नाही. टीव्ही घेतानाही आधी पोत पाहावा.