आभासी खोली, खरी धडधड

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी प्राचार्य असलेल्या माझ्या जुन्या स्नेह्यांचा फोन आला. महाविद्यालयाला थोडा निधी मिळाला होता आणि एक विक्रेता त्यांच्या मागे लागला होता. डोक्यावर चढवायचे आठ व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी संच घ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या २४० मुलामुलींना मुलाखत, गटचर्चा, सभेत बोलणे ही सगळी ‘सॉफ्ट स्किल्स’ त्यातूनच शिकवता येतील, असा प्रस्ताव होता. “तुम्ही विज्ञानातले. हे खरंच चालतं का, एवढं सांगा. नाहीतर वाचनालयाचं छप्पर तरी दुरुस्त करून घेतो,” असे ते म्हणाले.

छपराची गोष्ट त्यांनी हसत सांगितली, पण पुढचे सगळे हिशेब मी ते गळके छप्पर डोळ्यांपुढे ठेवूनच केले.

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. एक हात लांब करून अंगठा उभा धरा. प्रथम डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. अंगठा समोरच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतला हा फरक जुळवून मेंदू अंतर ओळखतो. चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी रेखाचित्रे आरशांतून दाखवली आणि सपाट रेघांतून घनाकृती उभी राहते हे सिद्ध केले. व्हीआर संचात आरशांऐवजी भिंगे आणि छोटे पडदे असतात, तत्त्व तेच.

पण एवढ्याने आपण फसत नाही. मान वळवली की खरे जग विरुद्ध दिशेने सरकते, चित्र मात्र जागच्या जागी राहते. म्हणून संचातील संवेदक डोक्याची हालचाल सतत मोजतात आणि त्याप्रमाणे चित्र पुन्हा पुन्हा नव्याने काढले जाते. मान हलणे आणि चित्र बदलणे यांतला वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा लागतो. तो वाढला की जग डुचमळू लागते आणि पोटात ढवळते. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असा पहिला संच बनवला, तेव्हा तो छतालाच टांगावा लागला होता. आजचा संच अर्ध्या किलोच्या आसपास असतो आणि संगणक त्याच्या पोटातच असतो.

मी स्वतः हा संच पहिल्यांदा चढवला तेव्हा समोर खोल खड्डा आणि त्यावर एक फळी दिसत होती. पायांखाली सतरंजी आहे हे मला ठाऊक होते. तरीही पाऊल उचलेना! तळहात ओले झाले, आणि बाजूला उभे असलेले माझे विद्यार्थी हसू आवरत होते. मेल स्लेटर या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये या अनुभवाचे दोन भाग वेगळे केले. ‘मी त्या जागी आहे’ असे वाटणे हा एक, आणि ‘इथे जे घडते आहे ते खरेच घडते आहे’ असे वाटणे हा दुसरा. विशेष म्हणजे, हे खरे नाही हे माणसाला पूर्ण माहीत असते. शरीर मात्र ऐकत नाही.

माणसांच्या बाबतीतही असेच होते का? स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आभासी श्रोत्यांपुढे भाषण करायला सांगितले होते. काही श्रोते तटस्थ होते, काही माना डोलावणारे, तर काही जांभया देणारे आणि तोंड फिरवणारे. त्या काळची चित्रे ओबडधोबड होती. तरीही नापसंती दाखवणाऱ्या श्रोत्यांपुढे, एरवी सभेत न घाबरणारे वक्तेसुद्धा अस्वस्थ झाले.

या यंत्राचे खरे बळ मला येथे दिसते. ते भीती जागी करू शकते, तीही सुरक्षित ठिकाणी आणि हवी तितक्या वेळा. भीतीच्या प्रसंगाला पुन्हा पुन्हा सामोरे गेल्यावर ती ओसरते, हे मानसशास्त्रात चांगले पारखलेले आहे. अमेरिकेत पेज अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ९७ जणांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. हे सारे लोकांसमोर बोलायला घाबरणारे होते. एका गटाने व्हीआरमधील श्रोत्यांपुढे सराव केला, दुसऱ्याने खऱ्या माणसांच्या छोट्या गटात, आणि तिसरा गट प्रतीक्षा यादीत राहिला. सराव केलेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा सुधारले आणि ही सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

विक्रेता तुम्हाला एवढेच सांगेल. याच निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग असा, की व्हीआरचा गट आणि खऱ्या माणसांचा गट यांत फरक आढळला नाही. आणि दोन्हीकडे प्रशिक्षित उपचारक सोबत होते. संच हातात देऊन कोणी निघून गेले नव्हते.

शिवाय भीती कमी होणे वेगळे आणि कौशल्य येणे वेगळे. डेन्मार्कमध्ये ग्विडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांना एकच आभासी प्रयोगशाळा दोन प्रकारे दाखवली, साध्या संगणकाच्या पडद्यावर आणि व्हीआर संचातून (२०१९). संचातून पाहताना ‘आपण तिथेच आहोत’ असे जास्त वाटले, पण शिकणे मात्र कमी झाले. भोवतालचे नवल पाहण्यातच बरेचसे लक्ष खर्च होत असावे.

मग प्रस्तावाच्या कागदावर ‘चौपट वेगाने शिक्षण’ आणि ‘२७५ टक्के अधिक आत्मविश्वास’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ते काय? हे आकडे पीडब्ल्यूसी या सल्लागार संस्थेच्या २०२० च्या अहवालातले आहेत. अमेरिकेतील नव्या व्यवस्थापकांना एक पाठ तीन पद्धतींनी दिला होता. वर्गात तो पूर्ण व्हायला दोन तास लागले आणि व्हीआरमध्ये २९ मिनिटे. चौपट तो एवढाच! तो पाठ संपण्याचा वेग आहे, समजण्याचा नव्हे. आत्मविश्वासाचा आकडाही त्या लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवरून काढलेला आहे. त्याच अहवालाप्रमाणे ३७५ शिकणारे असले की व्हीआरचा खर्च वर्गाइतका होतो. यात एक गोम आहे. कंपनीत शिकणाऱ्याच्या प्रत्येक तासाला पगार पडतो, म्हणून वाचलेला वेळ म्हणजे वाचलेला पैसा. आपल्या विद्यार्थ्याचा दीड तास वाचला तर महाविद्यालयाच्या तिजोरीत एक रुपयाही जमा होत नाही.

तासिकांचा हिशेब

नियोजनाचा खरा प्रश्न वेळापत्रकात दडलेला असतो. समजा, एका विद्यार्थ्याची एक पाळी १५ मिनिटांची. संच पुसणे, पट्टा आवळणे, चष्मा सांभाळणे, चित्र स्पष्ट करून घेणे यात आणखी पाच मिनिटे जातात. म्हणजे ४८ मिनिटांच्या तासिकेत दोनच पाळ्या. आठ संचांवर १६ विद्यार्थी. २४० विद्यार्थ्यांची एक पाळी व्हायला १५ तासिका लागतील. एका पाळीने काही होत नाही. किमान चार धरल्या तर ६० तासिका झाल्या, आणि आठही संच रोज चालू व विद्युतभारित आहेत हे गृहीत धरून! शिवाय साठच्या तुकडीतले १६ संचावर असताना उरलेले ४४ काय करणार, हे प्रस्तावात कुठेच नव्हते.

आता दुसरी रीत पाहा. साठ जणांच्या तुकडीत तिघातिघांचे २० गट करा. एक मुलाखत देणारा, एक घेणारा, एक निरीक्षक. दहा-बारा मिनिटांनी भूमिका बदला. एका तासिकेत साऱ्या तुकडीची एक पाळी होते. चार तुकड्यांना चार तासिका, चार पाळ्यांना सोळा. खर्च खडूचासुद्धा नाही, आणि प्रत्येकाला प्रश्न विचारण्याचा अनुभव मिळतो तो वेगळाच.

मग संच घ्यायचाच कशाला? तिघांच्या गटात जे होत नाही त्यासाठी. समोर रोजचीच मैत्रीण बसलेली असली की धडधड होत नाही. आणि ज्याला फारच धडधड होते, तो मैत्रिणी-मित्रांपुढेही तोंड उघडत नाही. कारण तिथे फजिती झाली तर ती गावभर होते. अशा विद्यार्थ्याला कोणी पाहत नसताना चार वेळा अडखळण्याची सोय हा संच देतो. माझ्या मते तो सर्वांना थोडा थोडा वाटण्यापेक्षा अशांना पुरेसा द्यावा. २४० पैकी ४० जणांना चार-चार पाळ्या द्यायच्या तर १६० पाळ्या होतात, म्हणजे दहाच तासिका. हे चाळीस जण कोण ते शिक्षकांनी वर्गात नावे पुकारून ठरवू नये. ‘मुलाखतीची भीती शून्य ते दहा यांपैकी किती?’ एवढे चिठ्ठीवर लिहून घ्यावे, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनाच बोलवावे.

पाळी संपल्यावर पाच-दहा मिनिटे कोणीतरी शेजारी बसले पाहिजे. येथे विमानचालनाचे उदाहरण आठवते. एडविन लिंक हे अमेरिकेतील वाद्यनिर्मात्याचे चिरंजीव. वडिलांच्या कारखान्यातील ऑर्गनचे भाते वापरून त्यांनी १९२९ मध्ये वैमानिकांच्या सरावासाठी डुलणारे खोके तयार केले. सुरुवातीला ते जत्रेतली करमणूक म्हणूनच जास्त खपले. १९३४ मध्ये टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत लागोपाठ मृत्यू पावले, तेव्हा लष्कराने अशी सहा खोकी विकत घेतली. पुढे त्या खोक्याशेजारी शिक्षकाचे टेबल आले. आतल्या शिकाऊ वैमानिकाचा मार्ग त्या टेबलावरील नकाशावर शाईने उमटत जाई, आणि उतरल्यावर दोघे त्या रेघेवर बोट ठेवून बोलत. मुलाखतीच्या सरावात ही रेघ म्हणजे ‘कोणत्या प्रश्नाला अडलात?’ हे शेजारच्या माणसाचे विचारणे.

संच स्वतःच गुण देतो, असे विक्रेते सांगतात. तो काय मोजतो ते विचारून घ्यावे. ‘नजरेला नजर’ या नावाखाली बहुतेक वेळा डोक्याची दिशा मोजलेली असते. बोलण्यातल्या अडखळण्यांची मोजणी उच्चार ओळखणाऱ्या प्रणालीवर अवलंबून असते. अमेरिकेत २०२० मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. त्याच देशातल्या, त्याच भाषेच्या बोलण्यात जर एवढी तफावत, तर आपल्या मुलांच्या इंग्रजीला तिने दिलेले गुण निकालपत्रात घालण्याचा विचारही करू नये.

प्रकृतीबद्दल थोडक्यात. बसून द्यायच्या मुलाखतीत मळमळ कमी होते, कारण दृश्य स्वतःहून हलत नाही. तरी कोणाला गरगरले तर संच लगेच काढावा. ‘थोडं सहन कर’ म्हणू नये. प्रौढांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असते. ज्यांचे कमी आहे, म्हणजे बऱ्याच मुलींचे, त्यांना भिंगे नीट जुळवून न दिल्यास त्रास अधिक होतो. फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना संच देऊ नये. मेटा कंपनीने आपल्या संचांसाठीची किमान वयोमर्यादा २०२३ मध्ये १३ वरून १० वर आणली. पण दहा वर्षांच्या मुलाला मुलाखतीचा सराव कशाला हवा, हे मला अजून उमगलेले नाही.

माहितीचा मुद्दा मात्र शाळांनी नीट समजून घ्यावा. मान आणि हात हलवण्याची प्रत्येकाची लकब वेगळी असते. स्टॅनफर्डमधील संशोधकांना २०२० मध्ये ५११ जणांतून नेमकी व्यक्ती ओळखायला पाच मिनिटांपेक्षा कमी वेळाची नोंद पुरली, आणि ती सुमारे ९५ टक्के वेळा बरोबर ठरली. म्हणजे नाव काढून टाकले तरी माणूस लपत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. नोंदी कुठे साठतात, किती दिवस, आणि विक्रेत्याशी करार संपल्यावर त्यांचे काय होते, हे कागदावर लिहून घ्यावे.

आधी चिठ्ठ्या, मग चेक

एवढे सगळे सांगून झाल्यावर मी स्नेह्यांना एकच विनंती केली: विकत घेऊ नका, दोन संच एका सत्रासाठी भाड्याने मागा. विक्रेता कुरकुरत का होईना, तयार झाला. स्वेच्छेने आलेल्या ३६ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून बारा-बारांचे तीन गट केले. एकाला संच आणि नंतरची चर्चा, दुसऱ्याला तिघांचा गट आणि चर्चा, तिसऱ्याला सध्या काही नाही, पुढच्या सत्रात जे चांगले ठरेल ते. तिसरा गट कशाला, असे तेथील एका प्राध्यापकांनी विचारले. कारण वर्ष सरता सरता सगळेच थोडे धीट होतात, आणि ते श्रेय आपण यंत्राला देऊन बसतो. परीक्षक बाहेरगावचे, आणि कोण कोणत्या गटातला हे त्यांना माहीत नसलेले.

बारा-बारांच्या गटांत छोटा फरक दिसणार नाही, हे मी आधीच सांगितले. पण काही लाखांच्या खरेदीचे समर्थन करायला छोटा फरक पुरणारही नाही. संचाचा गट तिघांच्या गटापेक्षा ठळकपणे पुढे गेला नाही, तर निधी छपराला, असे चाचणीच्या आधीच लिहून सह्या केल्या.

एक अडचण राहिली होती. संचातील मुलाखतकार अमेरिकी धाटणीच्या इंग्रजीत बोलत, काचेच्या उंच कार्यालयात बसून. तेव्हा प्राध्यापकांनी चहूबाजूंचे चित्रण करणारा कॅमेरा आणला, प्राचार्यांच्या खोलीत उमेदवाराच्या खुर्चीवर ठेवला आणि टेबलापलीकडे तिघे जण बसले. प्रश्न मराठीत आणि आपल्या नेहमीच्या इंग्रजीत. प्रत्येक प्रश्नानंतर ४० सेकंद तिघांनी कॅमेऱ्याकडे नुसते पाहत राहायचे. असा मुलाखतकार उत्तराला प्रतिसाद देऊ शकत नाही, पण धडधड व्हायला तेवढी शांतता भरपूर होते. चित्रण चालू असताना तास संपल्याची घंटा झाली, आणि शिपाईमामा चहा घेऊन आत आले. ते दृश्य तसेच ठेवले आहे.