सकाळी उठताच डोके का दुखते?

थंडीत गटात फिरताना सकाळी एक तक्रार आमच्या कानी हमखास येते, "साहेब, उठल्यापासून डोकं ठणकतंय." रात्रीची पाण्याची पाळी, अपुरी झोप, झोपेत मोठ्याने घोरणे ही कारणे असतातच. पण आज आम्हाला सांगायचे आहे ते शेगडीचे.

थंडी लागते म्हणून घरात किंवा कोपीत निखाऱ्याची शेगडी ठेवायची, दार लावायचे, फटी बुजवायच्या आणि झोपायचे, हे आपल्याकडे चालतेच. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज मात्र चुकीचा. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. मग झोपेतच शुद्ध हरपते आणि माणूस उठतच नाही.

ओळखायची खूण अशी: घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकदमच दुखते आणि उघड्या हवेत गेल्यावर कमी होते. असे झाले तर सगळ्यांना आधी बाहेर काढा. चक्कर, उलटी किंवा गुंगी असेल तर १०८ ला फोन लावा. दवाखान्यात प्राणवायू देतात. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवा, एक घोंगडे जादा घ्या. आपल्या फडातल्या तोडणी मजुरांनाही हे सांगा. शेगडी नसतानाही रोज डोके दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवून रक्तदाब तपासून घ्या.