पुन्हा ट्रकवर बसण्यापूर्वी

वाचकहो, हिवरा आश्रमासारख्या आपल्या कोणत्याही गावी जा. एके काळी ट्रकवर असलेला एखादा तरी माणूस भेटतोच. आठ-दहा वर्षे त्याने देश पालथा घातला. मग वडील थकले, शेत अंगावर पडले, किंवा दुखणे निघाले, आणि गडी घरी बसला. पुढे एखाद्या साली सोयाबीन हातचे जाते, मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर येते, आणि तो म्हणतो, "चला, पुन्हा गाडीवर जातो. हातातली कला आहे, विसरते थोडीच!"

विसरत नाही, हे खरे. पोहणारा पोहणे विसरत नाही. पण दहा वर्षांनी विहिरीत उडी टाकायची, तर शहाणा माणूस आधी पाणी किती आहे ते पाहतो. मधल्या काळात परवान्याची तारीख सरलेली असते, गाडी बदललेली असते आणि आपले शरीरही बदललेले असते. या तिन्हींची उजळणी करायला पैसा लागतो. तो किती, आणि कोठे वाचतो, हे आज पाहू.

आधी परवाना काढून उजेडात धरा. त्यावर मुदतीच्या दोन तारखा असतात. 'एन.टी.' या अक्षरांपुढची तारीख घरगुती वाहनांसाठी, आणि 'टी.आर.' पुढची भाड्याने माल वा माणसे वाहणाऱ्या वाहनांसाठी. पुष्कळजण पहिली तारीख पाहून निर्धास्त होतात. ट्रकवाल्याची तारीख दुसरी! २०१९ च्या दुरुस्तीपासून ती ५ वर्षांची असते. त्यापूर्वी ३ वर्षांची असे. घरी बसलेल्या माणसाची हीच तारीख गुपचूप सरून जाते.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. मुदत संपण्याआधी १ वर्षापासून ते संपल्यानंतर १ वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मात्र वर्षभर अर्ज करता येतो, म्हणजे वर्षभर गाडी चालवता येते, असे नव्हे बरं का! पूर्वी ३० दिवसांची सवलत होती, तीही २०१९ मध्ये गेली. आणि संपून वर्ष उलटले, की पुन्हा चालवण्याची चाचणी देऊन पास व्हावे लागते.

खर्चाचा फरक पाहा. डिसेंबर २०१६ मध्ये ठरलेल्या केंद्रीय दरांप्रमाणे वेळेवर नूतनीकरणाची फी २०० रुपये. कार्डाचे व इतर आकार वेगळे. सवलतीचा काळ टळल्यावर ३०० रुपये, आणि वर उशिराच्या प्रत्येक वर्षाला, किंवा वर्षाच्या भागालाही, १,००० रुपये. चाचणीचे प्रत्येक वर्गाच्या वाहनाला ३०० रुपये निराळे. म्हणजे तीन वर्षांचा उशीर मोजला गेला, तर ३,००० रुपये निव्वळ आळसाचे! शिवाय बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयाच्या खेपा, बुडालेली मजुरी आणि चाचणीसाठी लागणारी गाडी. याला म्हणतात चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेव्हा आज गाडीवर जायचे नसले, तरी परवाना जिवंत ठेवा. सर्वांत स्वस्त उजळणी हीच.

यासोबत डॉक्टरांचा दाखला लागतो, नमुना १-अ. हा दाखला केवळ कागद समजू नका. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते, आणि रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले तर सावरायला वेळ लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने ट्रक एका सेकंदात सुमारे २२ मीटर जातो. पाय ब्रेकवर पडायला अर्धा सेकंद जास्त लागला, की ११ मीटर गेले. तेवढ्या अंतरात एक बैलगाडी सहज मावते. चष्म्याचा खर्च या हिशेबापुढे काहीच नाही.

आता गाडी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. यांतील पुष्कळ ट्रकांत डिझेलखेरीज युरियाचे द्रावण भरावे लागते. त्याची टाकी कोरडी पडली, तर इंजिनाचा जोर कमी होतो. टोलनाक्यावर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. या गोष्टी दोन दिवसांत शिकता येतात. अवघड असते ती जुनी सवय मोडणे. पूर्वी ब्रेक थोडा-थोडा, पुन्हा पुन्हा दाबण्याची सवय होती. हवेच्या ब्रेकवर असे केले, तर टाकीतील हवा फुकट जाते. आणि एबीएस असलेल्या गाडीत संकटाच्या वेळी ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा असतो. तसेच डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढण्याची खोड. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना भरल्या गाडीने असे केले, की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. उतार खालच्या गिअरवरच उतरावा.

रस्ताही बदलला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातूनच जातो. ७०१ किलोमीटरचा हा सगळा रस्ता जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यावर खड्डा नाही, वळण थोडे, आणि म्हणूनच डुलकी सोपी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, अशी मर्यादा होती. ते अर्ध्या तासाचे शहाणपण आजही सोडू नये.

कोणी म्हणेल, "मी रोज ट्रॅक्टर चालवतो, मग सराव कसला?" विवेकानंद जयंतीला आपल्या गावी महाप्रसादाची पुरी-भाजी ट्रॅक्टरांतून पंगतींना वाढली जाते, संथ गतीने गर्दीतून ट्रॅक्टर नेणारे हात खरोखर कसबी आहेत. पण भरल्या ट्रकचा वेग, थांबण्याचे अंतर आणि मागच्या भागाचे वळण ही गोष्टच वेगळी.

सराव कोठे करावा? नव्या माणसाला अवजड वाहनाची शिकवणी निदान ३० दिवसांची व प्रत्यक्ष चालवणे १५ तासांचे, असा नियम आहे. २०२१ च्या नियमांनी निघालेल्या मान्यताप्राप्त केंद्रांत अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, ६ आठवड्यांचा आहे. तेथे उजळणीचे वर्गही घेता येतात. जुन्या चालकाने शाळेत स्पष्ट सांगावे, "मला पूर्ण शिकवणी नको, तासावर सराव द्या." आधी रिकामी गाडी, मग भरलेली, शेवटी रात्र. ज्याला पेट्रोल, गॅस किंवा रसायनांचा टँकर चालवायचा आहे, त्याला मात्र वेगळे प्रशिक्षण चुकत नाही, आणि त्याच्या परवान्याची मुदतही ३ वर्षांचीच असते.

आणखी एक स्वस्त वाट आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणाऱ्याला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याविना चालवता येते. तेव्हा पहिला हंगाम छोट्या टेम्पोवर काढावा. पोटही भरते, हातही बसतो.

राहिला प्रश्न, पैसे कोणी द्यायचे? मालकाने निदान अर्धा भार उचलावा, असे मी म्हणेन, आणि ते उपकार म्हणून नव्हे. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली, तर मालकालाही दंड आहे. आणि अपघातात विमा कंपनीने भरपाई दिली, तरी ती मालकाकडून वसूल होऊ शकते. कामावर जाताना हे बोलून, कागदावर घेऊन जावे. सरावाचे पैसे पहिल्याच पगारातून एकदम कापू देऊ नयेत.

शेवटी गुरुजींना एक विनंती. वेग आणि अंतराचे वरचे गणित फळ्यावर घाला. सातवीच्या मुलांना ते सहज सुटेल. मग मुलांना सांगा, घरी जाऊन बाबांच्या, काकांच्या परवान्यावरची 'टी.आर.' तारीख वहीत उतरवून आणा. ज्यांची तारीख जवळ आली असेल, त्यांना अर्ज भरायला हात द्या. एका पानाच्या त्या यादीने एखाद्या घरचे हजारो रुपये वाचतील, आणि एखादा बाप रात्री सुखरूप घरी येईल.