‘जुन्या आवृत्ती’ची ओढ : भूमिकाखेळांतील भाषाव्यवहाराच्या दृष्टीने

ग्रंथाच्या नावापूर्वी ‘जुना’ हे विशेषण आले म्हणजे अभ्यासकाच्या मनात एक निश्चित अर्थ उभा राहतो. जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. त्यांच्या ‘दासबोधा’चे वीस दशकांचे व दोनशे समासांचे रूप सर्वपरिचित आहे; परंतु त्याखेरीज एकवीस समासांचा ‘जुना दासबोध’ही उपलब्ध असून जिज्ञासूला दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचता येतात. जांबपासून फार दूर नसलेल्या पैठणास एकनाथांनी इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे तीत कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत असे बजावले. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट गृहीत आहे. जुने रूप शब्दांत साठविलेले असते. शब्द हाती आले की ते रूप हाती आले.

गेल्या काही वर्षांत ‘जुनी आवृत्ती परत द्या’ अशी मागणी एका निराळ्याच क्षेत्रातून आग्रहाने पुढे आली. ते क्षेत्र म्हणजे संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी मिळून खेळावयाचे भूमिकाखेळ. येथे खेळाडू योद्धा, वैद्य, जादूगार अशी एखादी भूमिका धारण करून एका कल्पित जगात वावरतो. आणि तो खेळ मिटवून निघून गेला तरी ते जग चालूच राहते. या प्रकाराचा आरंभ १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी रचलेल्या ‘मड’ या खेळात एकही चित्र नव्हते. दालन, दरवाजा, तलवार, शत्रू हे सारे वाक्यांतून प्रकट होई, आणि खेळाडूची कृती म्हणजे त्याने टंकित केलेले क्रियापद. पुढे ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७), ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९), ‘रूनस्केप’ (२००१) व ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) यांनी हे जग डोळ्यांना दिसावयास लावले. वाक्यांची जागा चित्रांनी घेतली खरी. तथापि खेळाडूंना एकमेकांशी बोलण्याची गरज तशीच उरली. जुन्या आवृत्तीच्या ओढीचे मूळ बऱ्याच अंशी या गरजेत आहे.

प्रथम या ओढीच्या नावाविषयी. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला. घरी परतणे व वेदना या अर्थांची दोन ग्रीक पदे त्याने जोडली. त्याच्या लेखी तो परदेशी राहणाऱ्या स्विस लोकांना जडणारा एक रोग होता. मराठीत त्यासाठी रूढ झालेला ‘स्मरणरंजन’ हा शब्द वेदना पार गाळून टाकतो आणि रंजन तेवढे ठेवतो. प्रस्तुत विषयापुरता तरी तो अपुरा पडतो. लाखो माणसे एखाद्या व्यापारी संस्थेकडे वर्षानुवर्षे याचना करतात, तेव्हा त्यांचे केवळ रंजन चाललेले नसते.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या प्रारंभीच्या रूपात तळघरासारख्या एखाद्या कठीण स्थळी उतरावयाचे तर पाच जणांचे पथक लागे. ते जमविण्यासाठी नगरात उभे राहून पुकारा करावा लागे. कोणी आघाडी सांभाळील काय, कोणी जखमा बऱ्या करील काय अशी विचारणा होई, अटी ठरत, मग सर्वांनी त्या स्थळापर्यंत चालत जावयाचे. या वाटचालीत पुष्कळ निरर्थक वाटणारे बोलणे होई. मॅलिनोव्स्कीने १९२३ मध्ये ज्या बोलण्याकडे लक्ष वेधले ते हेच : माहिती देणे हा ज्याचा हेतू नव्हे, तर संबंध जोडून ठेवणे हा ज्याचा हेतू, असे बोलणे. आपल्याकडील ‘काय, कुठे निघालात?’ या प्रश्नाला ठावठिकाण्याचे उत्तर कोणी अपेक्षीत नाही, तसाच हा प्रकार. डिसेंबर २००९ मध्ये खेळाच्या निर्मात्यांनी एक सोय केली. कळ दाबली की यंत्र निरनिराळ्या सर्व्हरांवरील पाच खेळाडू आपोआप निवडी आणि त्यांना थेट त्या स्थळी नेऊन सोडी. तासाचे काम मिनिटांवर आले. पण विचारणा, रुकार, नकार, घासाघीस हे सारे भाषिक व्यवहार एका कळीत विरून गेले, आणि काम संपताच पुन्हा कधीही न भेटणाऱ्या सोबत्यांशी बोलावे तरी कशासाठी?

‘रूनस्केप’चे उदाहरण याहून बोलके आहे. त्यातील व्यापार आरंभी शब्दशः पुकाऱ्याचा बाजार होता. ठरावीक चौकांत खेळाडू गर्दी करीत, आपला माल व भाव ओरडून सांगत; भाव पडताळण्यास विचारपूस हाच मार्ग होता. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘ग्रँड एक्सचेंज’ ही मध्यवर्ती पेढी आली. माल तेथे नोंदवावयाचा, ग्राहक यंत्राने शोधावयाचा. आठवडी बाजार उठून तेथे गुदाम उभे राहावे तसे झाले. पुढे खेळाडूंच्या मागणीवरून ऑगस्ट २००७ ची जपून ठेवलेली प्रत फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या नावाने पुन्हा सुरू झाली, आणि त्या प्रतीत अर्थातच पेढी नव्हती. बाजार परत आला. मात्र या जुन्या जगात कोणतीही नवी भर खेळाडूंच्या मतदानाने घालावयाची असा नियम होता, आणि त्याच मतदानाने फेब्रुवारी २०१५ मध्ये पेढीही परत आली! एकनाथांनी जी भर निषिद्ध मानली, ती येथे बहुमताने पवित्र झाली. यावरून खेळाडूंना दांभिक ठरविणे सोपे आहे; ते योग्य होणार नाही. माणसाला बाजारातील बोलणे हवे असते आणि बाजारात ताटकळणे नको असते. या दोन्ही इच्छा खऱ्या आहेत; एक दुसरीच्या पोटात असल्यामुळे त्या वेगळ्या करता येत नाहीत इतकेच.

‘वॉरक्राफ्ट’चे जुने रूप ऑगस्ट २०१९ मध्ये ‘क्लासिक’ म्हणून अधिकृतपणे परत आले. मूळ जगात रॅग्नारॉस या अग्निदैत्याचा पहिला पाडाव होण्यास पाच महिने लागले होते. या वेळी तो सहाव्या दिवशी पडला. २००६ चे सुधारलेले रूप पुनरुज्जीवनासाठी घेतल्यामुळे काम सुकर झाले हे खरे, परंतु मुख्य कारण ज्ञानाचे होते. पूर्वी जे एकमेकांस विचारावे लागे ते आता सर्वांस पाठ होते. यंत्राने पथक जुळविण्याची सोय या रूपात नव्हती. तेव्हा काही खेळाडूंनी संभाषणातील मागण्या आपोआप वेचून त्यांची यादी करणारी साधने स्वतःच तयार केली. पाठ तोच, पण वाचक बदललेला. प्रश्न विचारण्यास अज्ञान लागते, आणि अज्ञानाची प्रत कोणत्याही सर्व्हरवर जपून ठेवता येत नाही.

शिवाय ही प्रत कोणाच्या ताब्यात असते हाही प्रश्न आहे. दासबोधाची बाडे ठिकठिकाणी नकलून ठेवली गेली, म्हणून जुने रूप टिकले. २०१५ मध्ये काही हौशी मंडळींनी ‘नॉस्टॅलरियस’ या नावाने वॉरक्राफ्टच्या जुन्या जगाची स्वतंत्र नक्कल चालविली. दीड लाख सक्रिय खेळाडू असल्याचा चालकांचा दावा होता. मूळ कंपनीने कायद्याचा बडगा उगारताच एप्रिल २०१६ मध्ये ती बंद झाली. नक्कल करणारा ग्रंथाच्या बाबतीत रक्षक ठरला; येथे तो अपराधी ठरला. त्या बंदीविरुद्धच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि पुढे ‘क्लासिक’ची घोषणा झाली, हे नमूद करावयास हवे.

मराठवाड्याच्या दृष्टीने यात एक वेगळीच गोष्ट संभवते. २००४ च्या केंद्रीय धोरणात ‘ब्रॉडबँड’ची व्याख्याच सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या किमान वेगाची होती. ‘वॉरक्राफ्ट’ला मासिक वर्गणी होती. तेव्हा जालना, अंबड, परतूर येथील तरुणांच्या पिढीला ते आरंभीचे जग बहुधा लाभलेच नाही. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ ऑक्टोबर २०१८ मध्ये मोबाइलवर आले, तेव्हा २००७ चे जग प्रथमच खिशात येण्याची शक्यता निर्माण झाली. न अनुभवलेल्या काळाची ओढ भाषेला नवी नाही. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उच्चारणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो पाळणा पाहिला असेल? ओढ म्हणींतून, गोष्टींतून, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून संक्रमित होते. जुन्या खेळाबाबत ती जुन्या खेळाडूंच्या कथनांतून येते, आणि नवागताला प्रत्यक्ष खेळात त्या कथनांतली गर्दी सापडत नाही.

भाषाभ्यासकाची अडचण याहून मोठी आहे. त्या चौकांत झालेले पुकारे, सौदे, भांडणे यांची पद्धतशीर नोंद फारशी झालेली नाही. २००७ ची प्रत जपली गेली ती नियमांची, नकाशांची व वस्तूंची. २००१ मधील मूळ ‘रूनस्केप’ही ‘रूनस्केप क्लासिक’ या नावाने दीर्घकाळ चालू ठेवण्यात आले होते; दुरुस्तीची साधने त्याच्याशी जुळेनाशी झाल्यामुळे ६ ऑगस्ट २०१८ रोजी तेही बंद करण्यात आले. त्यावेळी अखेरपर्यंत आत थांबलेले खेळाडू एकमेकांशी काय बोलले, ते नियमांच्या व नकाशांच्या प्रतीत सापडत नाही.