'बघतो' म्हणजे नक्की काय? घरातलं बोलणं कुठे अडतं, आणि त्यात एका 'च'चा वाटा किती

मुरबाड / डोंबिवली : जुलै महिना. मुरबाड तालुक्यातलं एक घर समजा. पाऊस लागलाय, भाताची रोपं काढायला आली आहेत आणि आवणीला माणसं मिळत नाहीत. मुलगा डोंबिवलीला भाड्याच्या खोलीत राहतो, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कामाला जातो. संध्याकाळी साडेसातला वडिलांचा फोन येतो. मुलगा तेव्हा लोकलच्या दारात, एका हाताने दांडा धरून.

"रविवारी येतोस ना?"

"बघतो."

मुंब्र्याजवळ रेंज गेली, फोन कट.

मुलाला म्हणायचं होतं, 'रविवारी ओव्हरटाइम आहे की नाही ते उद्या सुपरवायझर सांगेल, मग कळवतो.' वडिलांनी ऐकलं, 'माझ्याकडून काही होणार नाही.' रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वडिलांचा मेसेज आला, धाकट्या मुलीकडून टाइप करून घेतलेला : "ज्याला यायचं नसेल त्याने येऊ नये. शेत आमचं आम्ही बघू." मुलाने तो वाचला, दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर मात्र आलं नाही. रविवारी तो गेला नाही. गणपतीला गेला तेव्हा वडील ओटीवरून उठून आत गेले. दिवाळीपर्यंत वाटणीचा विषय निघाला होता.

उदाहरण रचलेलं आहे. पण कसारा, आसनगाव, टिटवाळा, बदलापूरहून ज्या घरातलं एक माणूस रोज लोकलने जातं, किंवा तिकडेच राहून महिन्यातून एकदा गावी येतं, त्या घराला यातलं निम्मं तरी ओळखीचं वाटेल. नवल एवढंच की या सगळ्यात कोणी खोटं बोललेलं नाही, कोणाचा हेतूही वाईट नव्हता. मग बिघडलं कुठे?

शब्द रविवारचे, प्रश्न दुसराच

पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६७ साली माणसांच्या आपसातल्या बोलण्यावर एक पुस्तक लिहिलं. हा विषय शिकवताना आजही त्यातले मुद्दे सांगितले जातात. त्यातले तीन तर आपल्या ओटीवर बसून लिहिल्यासारखे आहेत.

पहिला असा, की प्रत्येक वाक्यात दोन गोष्टी असतात. एक वरची, म्हणजे माहिती. दुसरी खालची, म्हणजे 'तुझं-माझं नातं काय' हे. वडिलांनी वर विचारलं रविवारचं. खाली प्रश्न होता, 'तू अजून या घरचा आहेस ना?' मुलाने वरच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तेही अर्धं. खालचा प्रश्न तसाच राहिला, आणि माणूस दुखावतो तो बहुतेक वेळा त्या खालच्या प्रश्नावरून. सासूने "भाजीत मीठ कमी आहे का गं?" विचारलं की सून चिडते. तिथे भांडण मिठावरून होत नसतं.

दुसरा मुद्दा : न बोलणं हेही बोलणंच आहे. मुलाला वाटलं, आपण गप्प बसून विषय वाढू दिला नाही. पण निळ्या खुणा गप्प बसत नाहीत. 'वाचलं, आणि उत्तर द्यावंसं वाटलं नाही' असं त्या सांगतात. मोबाईल नव्हता तेव्हा ही सोय होती, की पत्र मिळालं नाही असं तरी समजता यायचं.

तिसरा मुद्दा भांडणं लांबतात का, हे सांगतो. दोन्ही माणसं भांडणाची मोजणी वेगवेगळ्या जागेपासून सुरू करतात. वडील म्हणतात, 'तो येत नाही म्हणून मी बोलतो.' मुलगा म्हणतो, 'ते टोचून बोलतात म्हणून मी जात नाही.' दोघंही खरं सांगतात, फक्त सुरुवात आपापल्या सोयीची धरतात. बांधाच्या भांडणातही हेच असतं. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या बसल्या. 'सुरुवात कोणी केली?' हा प्रश्न समितीपुढे निघाला की बैठक आजोबांपर्यंत मागे जाते. 'आता पुढे काय करायचं?' असं विचारलं तर निदान माणसं एका वर्षात तरी येतात.

'मी' कोणाच्या नजरेतला?

आता थोडं आतलं. माणूस स्वतःला ओळखतो कसा? चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली याचं साधं उत्तर दिलं. दुसरा माणूस हा आपला आरसा असतो. मी त्याला कसा दिसत असेन, तो माझ्याबद्दल काय ठरवत असेल, आणि त्यावरून मला वाटणारा अभिमान किंवा लाज, अशा तीन पायऱ्यांनी आपला 'मी' तयार होतो.

यात मधली पायरी नीट बघा. तो माझ्याबद्दल काय ठरवतो हे मला दिसत नाही. ते मी धरून चालतो.

आपल्या उदाहरणातला मुलगा कंपनीत 'गाववाला' आणि गावात 'शहरवाला'. दोन्हीकडे थोडा उपराच. त्याने धरून ठेवलंय की वडिलांच्या लेखी आपण बिनकामाचे, कारण हातात नांगर नाही आणि पगारही सांगण्यासारखा नाही. वडिलांचं वेगळं चाललंय. एके काळी गावात कोणाचं लग्न ठरवायचं तर त्यांना विचारायचे. आता फोनवरून पैसे पाठवायचे तर त्यांनाच मुलीला हाक मारावी लागते. त्यांनी धरून ठेवलंय की मुलाच्या लेखी आपण अडाणी. या दोन गोष्टी दोघांपैकी कोणी कधी तोंडाने बोललेलं नाही. तरी दोघंही त्या ऐकल्यासारखे वागतात.

भाषेचीही एक गंमत आहे. आपल्या भागात आगरी बोलणाऱ्या घरांत वडीलधाऱ्यांनाही 'तू' म्हणायची रीत आहे, त्यात अपमान नाही, उलट जवळीक आहे. तोच मुलगा डोंबिवलीत चार वर्षं राहून घरी येतो आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणायला लागतो. त्याला वाटतं मान दिला. म्हाताऱ्याला वाटतं पाव्हणा आला. त्याच शब्दाचा अर्थ दोन पिनकोडांत बदलतो.

'च' कुठून येतो

इथे ठाण्याचा संबंध येतो. 'याला ठाण्याला पाठवा' असं आपण चेष्टेत म्हणतो ते तिथल्या मनोरुग्णालयामुळे. ते १९०१ सालचं. या चेष्टेने एक नुकसान मात्र केलं. मनाबद्दल कोणाशी बोलायचं म्हणजे वेडं ठरायचं, अशी भीती तालुक्यात घट्ट बसली.

त्याच ठाण्यात १९९० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. लोक तिला 'आयपीएच' म्हणतात. आजारी नसलेल्या माणसानेही आपलं मन समजून घ्यावं, यावर तिचा भर राहिला. 'आवाहन आयपीएच' या यूट्यूब चॅनलवर तिचे मराठी कार्यक्रम फुकट बघता येतात. तिथे पुन्हा पुन्हा येणारं एक नाव म्हणजे अल्बर्ट एलिस. न्यूयॉर्कच्या या मानसतज्ज्ञाने १९५५ मध्ये आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ती भारतात रुजवण्यात प्रा. कि. मो. फडके यांचा मोठा वाटा, आणि डॉ. नाडकर्णींचं 'स्वभाव-विभाव' हे पुस्तकही तिच्यावरच आहे.

एलिस यांचं म्हणणं थोडक्यात असं : घटना घडते आणि आपल्याला राग येतो, या दोघांच्या मध्ये एक वाक्य असतं. ते आपण स्वतःशी बोलतो, इतकं पटकन की ऐकूही येत नाही. राग घटनेपेक्षा त्या वाक्यामुळे जास्त येतो.

वडिलांचं ते वाक्य काय असेल? 'आवणीला पोराने आलंच पाहिजे. नाही आला म्हणजे त्याला बापाची किंमतच नाही.' मुलाचं? 'बापाने मला समजून घेतलंच पाहिजे. नाही घेत म्हणजे माझं चुकतंच.' दोन्ही वाक्यांत 'च' मोजून बघा. मराठीत हट्ट दाखवायला एवढं एक अक्षर पुरतं. 'यावं' ही इच्छा झाली. 'आलंच पाहिजे' हा हुकूम झाला, आणि जगाने तो मोडला की त्रास होणारच. (इथेही 'च' आलाच.)

याचा अर्थ अपेक्षा सोडून द्या असा होत नाही. 'तो आला तर फार बरं होईल, नाही आला तर मला वाईट वाटेल आणि मजूर शोधावा लागेल' हे वाक्य वडिलांनी मनात म्हटलं तरी वाईट वाटणार आहेच. वाटायलाही पाहिजे. पण वाईट वाटलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करू शकतो. अपमान झालेला माणूस करत नाही. फरक काय तो एवढाच आहे, आणि आपल्या गोष्टीत दिवाळीची वाटणी यावरच अडली होती.

मग बोलायचं कसं

पुण्या-मुंबईच्या शिबिरांत एक युक्ती सांगतात : 'तू' ने सुरुवात न करता 'मला' ने करा. 'तू कधीच येत नाहीस' याऐवजी 'तू आला नाहीस की मला एकटं पडल्यासारखं वाटतं.' युक्ती चांगली आहे, कारण पहिल्या वाक्याला 'मागच्या महिन्यात नव्हतो का आलो?' असं उत्तर देता येतं, दुसऱ्यावर वाद घालता येत नाही. पण आपल्याकडचा साठीचा बाप फोनवर 'मला एकटं पडल्यासारखं वाटतं' असं म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर पोरगा घाबरून रिक्षाने कल्याण गाठेल. वाक्य आपल्या तोंडचं हवं. "तू नसलास तर या वर्षी वरचं शेत माझ्याच्याने उरकायचं नाही," एवढ्यात तेच सगळं येतं. मागणी आहे, अडचण आहे, आरोप नाही.

मुलाच्या बाजूने 'बघतो' या शब्दाचा बंदोबस्त करायला हवा. हा शब्द आपल्याकडे 'हो', 'नाही' आणि 'आता नको' या तिन्हींसाठी चालतो. त्याला एक वेळ जोडली की काम होतं : "उद्या दुपारी ड्युटी कळेल, रात्री नऊला फोन करतो." आणि नऊला फोन करायचा. नाही जमणार असेल तर 'नाही' सांगायला फोन करायचा. हाच फोन लोक टाळतात.

वडिलांना अजून एक करता येईल. मुलाच्या 'बघतो'चा अर्थ स्वतः लावण्यापेक्षा त्यालाच विचारायचं, "बघतो म्हणजे सुट्टीचं बघतोस, का मन नाही?" सरळ विचारलेला प्रश्न उद्धट वाटेल म्हणून आपण विचारत नाही आणि मग सहा महिने मनातल्या उत्तरावर रुसतो.

फोनबद्दल एक गोष्ट. 'संवादात शब्द फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि हावभाव' असा फॉरवर्ड बऱ्याच ग्रुपवर फिरतो. अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून हे आकडे आले, पण ते प्रयोग एकेकटे शब्द आणि त्यामागची आवड-नावड ओळखण्यापुरते होते. सगळ्या बोलण्याला ते लावणं चूक आहे. सातबारा वाचून दाखवताना शब्दच शंभर टक्के लागतात. मात्र एवढं खरं, की शब्द आणि सूर यांचं जुळत नसेल तर माणूस सुरावर विश्वास ठेवतो, आणि टाइप केलेल्या मेसेजला सूरच नसतो. तो वाचणारा आपल्या मूडप्रमाणे लावतो. त्यामुळे निरोप, पत्ता, हिशोब व्हॉट्सॲपवर ठीक. रुसवा, जमीन, लग्न, पैसे यांचं फोनवर, आणि जमलं तर समोरासमोर. घरच्या ग्रुपवर तर नकोच. तिथे काका, मावशी, जावई सगळे प्रेक्षक असतात, आणि प्रेक्षकांसमोर कोणी माघार घेत नाही.

बोलून जिथे सुटत नाही

हे सगळं दोन्ही बाजूंना नातं हवं असेल तिथलं आहे. दारू पिऊन मारहाण होत असेल, सुनेला माहेरहून पैसे आणायला लावत असतील, तर 'नीट बोलून बघ' हा सल्ला देणं म्हणजे मार खाणाऱ्यावरच ओझं टाकणं आहे. तिथे पोलिसांचा ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

आणि कधी कधी बोलणं बंद होतं ते रागाने नाही. माणूस आतून खचलेला असतो. झोप नाही, भूक नाही, 'माझ्याने काही होत नाही' हे वाक्य दिवसभर डोक्यात. अशा वेळी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. शहरात जावं लागत नाही, आणि गावात कोणाला कळतही नाही.