कबड्डीची थैली आणि संघाची बांधणी

शहापूर आणि मुरबाड या ठाणें जिल्ह्यांतील तालुक्यांत भाताची कापणी आटोपली, म्हणजे मोकळ्या शेतांत कबड्डीचीं मैदानें आंखलीं जातात. गांवच्या संघाची निवड करतांना तेथें कोणासही हिशेबाची वही उघडावी लागत नाहीं. ज्याची चढाई तेज, ज्याची पकड घट्ट, तो संघांत. आणि तो गांवचाच असल्यामुळें पुढच्या वर्षीं कोठें जाईल, ही चिंता फारशी नसते. परंतु याच खेळाचा धंदेवाईक अवतार जी प्रो कबड्डी लीग, तिची गोष्ट निराळी. २०१४ सालीं सुरू झालेल्या या स्पर्धेंत एक हंगाम संपून दुसरा सुरू होण्यापूर्वीं मोठी उलथापालथ होते. ती पाहून घरोघरीं एकच प्रश्न विचारला जातो : ज्यानें संघाला यश मिळवून दिलें, त्यालाच संघ सोडून कां देतो?

या कोड्याची किल्ली एका नियमांत आहे. प्रत्येक संघाला खेळाडूंच्या वेतनासाठीं एक कमाल रक्कम ठरवून दिलेली असते. हीच त्याची थैली. २०१९ सालीं ती ४ कोटी ४० लाख रुपयांची होती. २०२३ सालीं ती ५ कोटींची झाली. मालक कितीही श्रीमंत असला, तरी या रकमेबाहेर त्याला जातां येत नाहीं. मैदानावर एका वेळीं सातच गडी उतरतात. परंतु दुखापती आणि लांबलचक हंगाम यांचा विचार करून किमान अठरा आणि कमाल पंचवीस खेळाडू बाळगावे लागतात. जुन्यांपैकीं ज्यांना राखून ठेवावयाचें, त्यांचें वेतन थैलींतून आधींच वजा होतें. उरलेल्या रकमेंत लिलावांतून बाकीचे घ्यावयाचे. म्हणजे आपलाच खेळाडू ठेवणें ही सुद्धां एक खरेदीच होय.

मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेच्या यात्रेंत गुरांचा मोठा बाजार भरतो. कमरेला ठराविक रक्कम बांधून आलेला शेतकरी एकाच देखण्या बैलावर सारे पैसे उधळीत नाहीं. कारण जूं दोघांच्या मानेवर असतें आणि जोडी विजोड झाली तर नांगर सरळ चालत नाहीं. माणसाची बैलाशीं तुलना शोभणारी नव्हे. परंतु हिशेब मात्र तोच आहे. ‘हा खेळाडू चांगला आहे काय?’ हा खरा प्रश्न नसून, ‘याला घेतल्यावर उरलेल्या रकमेंत इतर कोण मिळतील?’ हा खरा प्रश्न असतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या सिद्धार्थ देसाईचें उदाहरण घ्यावें. २०१८ सालीं यू मुंबा या मुंबईच्या संघानें त्याला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतलें. पहिल्याच हंगामांत त्यानें चढायांचे दोनशेंहून अधिक गुण मिळविले. पुढच्या वर्षीं तो लिलावांत आला, तेव्हां तेलुगू टायटन्स या संघानें त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलें. मुंबईनें आदल्या वर्षीं फझल अत्राचली या इराणी बचावपटूवर १ कोटी रुपये खर्चिले होते, आणि तोच संघाचा नायक होता. या दोन भावांची बेरीज केली, तर निम्म्याहून अधिक थैली दोघांतच संपली असती. मुंबईनें नायक राखला आणि चढाईपटू जाऊं दिला. २०१९ च्या हंगामांत मुंबई उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचली. सिद्धार्थ चांगला खेळूनही टायटन्स बारा संघांत अकरावे राहिले.

मग महाग खेळाडू घेऊंच नये काय? तसेंही नाहीं. २०२३ च्या लिलावांत टायटन्सनीं पवन सेहरावतसाठीं २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले आणि तो संघ शेवटच्या क्रमांकावर गेला. त्याच लिलावांत पुणेरी पलटणनें इराणच्या महंमदरेझा शादलुईसाठीं २ कोटी ३५ लाख दिले, आणि मार्च २०२४ मध्यें विजेतेपद पटकाविलें. फरक कशाचा? नायक अस्लम इनामदार, मोहित गोयत अशा तरुणांना पुण्यानें आधींपासूनच नवोदितांच्या अल्प वेतनाच्या वर्गांतून घेऊन घडविलें होतें. एका महाग खेळाडूचा भार त्या तरुणांच्या स्वस्ताईनें पेलला. आणि तरीही पुढच्या लिलावापूर्वीं पुण्यानें शादलुईला मोकळें केलें. हरयाणा स्टीलर्सनीं त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें विजेतेपद हरयाणाकडे गेलें.

हा पेंच एकट्या कबड्डीचा नव्हे. अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेनें १९८४-८५ च्या हंगामापासून ३६ लक्ष डॉलरांची वेतनमर्यादा घातली. २०२५-२६ साठीं ती १५ कोटी ४६ लक्षांवर गेली. तेथील मर्यादा कबड्डीइतकी कडक नाहीं. स्वतःचे खेळाडू राखण्यासाठीं ती ओलांडतां येते. पण फार पुढें गेल्यास जबर कर आणि अदलाबदलीवर बंधनें येतात. २०२४ चें अजिंक्यपद मिळविणाऱ्या बॉस्टनच्या संघानें २०२५ च्या उन्हाळ्यांत वेतनाचा भार हलका करण्यासाठीं जू हॉलिडे व क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस हे आपले दोन आधारस्तंभ इतर संघांना देऊन टाकले.

या बंधनाचा लाभ उघड आहे. पैशाच्या बळावर एकच संघ सारे गुणी खेळाडू गोळा करूं शकत नाहीं. २०१९ पासून २०२४ पर्यंत झालेल्या पांच हंगामांत पांच निरनिराळे संघ विजयी झाले. परंतु या समतेची किंमत कोणी तरी मोजतोच. २०२३ च्या लिलावांत चार वर्गांच्या किमान किंमती ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख अशा होत्या. मोठ्या नांवांवर थैली रिकामी झाली, कीं उरलेल्या जागा खालच्या वर्गांतून भरल्या जातात, आणि मधल्या फळींतला अनुभवी खेळाडू कौशल्यांत उणा नसूनही बाजूला पडतो.

शहापूर-मुरबाडच्या एखाद्या तेज मुलाला या खेळाचें दार उघडतें, तें नवोदितांच्या याच स्वस्त वर्गांतून. संघाला त्याची गरज असते, कारण तो गुणी आहे आणि स्वस्तही आहे. त्याचा भाव वाढला, कीं त्याच कारणानें त्याला निरोपही मिळूं शकतो. म्हणून एखाद्या आवडत्या खेळाडूला संघानें सोडलें, तर त्याचा खेळ उतरला असें लगेच मानूं नये. पुष्कळदां तो उतरलेला नसतोच. थैलीच्या मानानें तो मोठा झालेला असतो.