निवलेल्या अन्नाची निगा

जपानी घरातील बेन्तोचा डबा उघडला की प्रथम डोळ्यांत भरते ते त्याचे रूप: पांढऱ्या भाताच्या मधोमध ठेवलेले तांबडे उमेबोशी, शेजारी अंड्याच्या गुंडाळीचे पिवळे काप, हिरवी पालेभाजी, वर भुरभुरलेले काळे तीळ, आणि या रूपावर लुब्ध होऊन आपल्याकडील पुष्कळजण असे धरून चालतात की बेन्तो म्हणजे केवळ अन्नाची आरास, फुरसतीच्या माणसांनी करावयाची कलाकुसर. ही समजूत मुळातच चुकीची आहे. बेन्तो हे निवल्यावर खाण्यासाठीच रांधलेले अन्न आहे, आणि सकाळी भरलेला डबा दुपारी न तापवता उघडावयाचा ही एकच अट ध्यानात घेतली, म्हणजे तांदळाच्या निवडीपासून झाकण लावण्याच्या वेळेपर्यंतचा त्यातील प्रत्येक दस्तूर उलगडत जातो.

भाताचेच पाहा. जपानच्या आखूड, जाड दाण्याच्या तांदळात अमायलोज हे पिष्ट लांब दाण्याच्या तांदळाहून कमी असते. त्यामुळे तो भात निवल्यावरही मऊ राहतो आणि चॉपस्टिकने सहज उचलता येतो, तर बासमतीचा मोकळा भात गार होताच ताठरतो. (आपल्याकडे कोणास हा प्रयोग करावयाचा असेल, तर त्याने इंद्रायणी तांदूळ घ्यावा.) भात गरम असतानाच डब्यात पसरतात, कारण तेव्हाच तो डब्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत नीट बसतो, परंतु त्यानंतर झाकण न लावता तो पुरता निवू देतात, घाई असेल तर पंख्याखाली किंवा बर्फाच्या पिशवीवर डबा ठेवून. गरम अन्नावर झाकण पडले की आतल्या वाफेचे पाणी होऊन ते अन्नावर ठिबकते, आणि ओलावा व कोमटपणा एकत्र आले की जंतूंना आयतेच निमंत्रण मिळते. जून-जुलैत जपानातही दमट पावसाळा असतो, आणि त्या दिवसांत तेथील गृहिणी या बाबतीत यत्किंचितही हयगय करीत नाहीत.

याच ओलाव्याच्या भयाने भाज्यांचाही बंदोबस्त केलेला असतो. उकडलेला पालक मुठीत दाबून पिळून काढतात आणि त्याला कुटलेले तीळ चोळतात, ते चवीसाठी तर खरेच, पण उरलेले पाणी तिळांनी शोषून घ्यावे यासाठीही. चेरी टोमॅटोचे देठ काढून ते धुऊन, पुसून, अखंडच ठेवतात, कारण देठाच्या खोबणीत घाण राहते आणि चिरलेल्या फोडींतून रस सुटतो. थंड अन्नाची चव जिभेला फिकी लागते, म्हणून सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), आले व साखर यांचा हात रोजच्यापेक्षा किंचित सढळ ठेवतात. लोणी किंवा प्राणिज चरबी गार होऊन थिजते, म्हणून तळण्या-परतण्यास वनस्पतिजन्य तेल पसंत करतात.

तामागोयाकी, म्हणजे ती अंड्याची गुंडाळी, हा या डब्याचा मला सर्वांत प्रिय जिन्नस. चौकोनी लहान तव्यावर तेलाचा हात फिरवून फेटलेल्या अंड्याचा पातळ थर ओतावा, तो जमू लागताच एका कडेला गुंडाळावा, रिकाम्या जागेत पुन्हा तेल लावून दुसरा थर ओतावा, पहिली गुंडाळी किंचित उचलून तिच्याखालीही तो जाऊ द्यावा, आणि मग तिच्याभोवतीच तो गुंडाळीत न्यावा. असे तीन-चार थर झाले की काप केल्यावर आत एकात एक बसलेली वलये दिसतात. तोक्योकडे ती गोडसर करतात, ओसाका-क्योतोकडे माशाच्या व समुद्रशेवाळाच्या अर्काने रसाळ. घरी ताटात वाढावयाची असता ती आतून ओलसर राहिली तरी हरकत नसते, परंतु डब्यासाठी मात्र पुरती शिजवावी लागते.

उमेबोशी हे उमे या जर्दाळूच्या जातीतल्या आंबट फळाचे खारवून उन्हात वाळविलेले लोणचे. त्याच्या आम्लाने भात टिकतो अशी जुनी श्रद्धा आहे आणि ती निराधार नाही. मात्र हा प्रभाव फळाला लागून असलेल्या भातापुरताच पडतो, म्हणून त्याचे बारीक तुकडे करून साऱ्या भातात मिसळणे अधिक शहाणपणाचे. हे आम्ल इतके तीव्र, की ॲल्युमिनियमच्या डब्यांची झाकणे त्याने खाल्ली जात असत. पुढे त्या धातूवर ऑक्साइडचा टिकाऊ थर चढविण्याची रीत तोक्योच्या रिकेन संशोधनसंस्थेत निघाली, तेव्हा त्या डब्यांना आयुष्य लाभले. त्याहून जुनी आणि माझ्या मते सरस तजवीज अकिता प्रांतातील ओदाते गावची: सुगी या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची पातळ फळी गरम पाण्यात मऊ करून वाकवावयाची आणि तिचा सांधा चेरीच्या सालीने शिवावयाचा. हे लाकूड भाताचा जादा ओलावा स्वतःत घेते. १९८० साली जपान सरकारने या कारागिरीला पारंपरिक हस्तव्यवसायाचा दर्जा दिला.

भरण्याची रीत म्हणाल तर, कोकणात गडगा रचणारा जसा आधी मोठे दगड बसवून मग फटींत चिपा ठोकतो, तसेच येथे आहे: प्रथम भात, मग मासळीचा तुकडा किंवा कोंबडीची तळलेली भजी, मग भाज्या, आणि शेवटी उरलेल्या फटींत घेवड्याची शेंग वा टोमॅटो. आकारमानाने भात तीन भाग, मासळी-मांस-अंडी एक भाग आणि भाज्या दोन भाग असे प्रमाण तेथील आहारतज्ज्ञ सांगतात. ६०० मिलिलिटरचा डबा या प्रमाणात घट्ट भरला, तर सुमारे ६०० कॅलरींचे जेवण होते. घट्ट भरण्याला महत्त्व फार, कारण सैल डबा आगगाडीच्या गर्दीत हिंदकळून त्याचा काला होतो.

नोरी या समुद्रशेवाळाच्या वाळविलेल्या पापुद्र्याच्या कात्रणांनी भातावर अस्वलाचे तोंड काढण्याची जी रूढी मुलांच्या डब्यांत अलीकडे बोकाळली आहे, तिच्याविषयी मला आस्था नाही. निवलेल्या अन्नाला जितके अधिक हात लागतील तितके ते लवकर बिघडते. ओनिगिरीसारखे भाताचे गोळेही आता तळहातावर न वळता प्लॅस्टिकच्या पातळ कागदातून वळावेत असा सल्ला तेथे दिला जातो, तो याच कारणाने.

आपल्या घरांतूनही रोज सकाळी लाखो डबे निघतात, आणि पावसाळ्यात त्यांतली भाजी दुपारपर्यंत आंबल्याची तक्रार नवी नाही. तामागोयाकी कोणी करो वा न करो. निदान उद्यापासून पोळी-भाजी डब्यात भरल्यावर तिची वाफ पुरती निघून जाईपर्यंत झाकण लावू नये, एवढे वाचकांनी अवश्य करावे.